लाइट गेली आणि स्टेशन लागलं

पन्नाशी उलटल्यावर मला शॉर्टवेव्हवर लांबलांबची रेडिओ स्टेशनं पकडायचं वेड लागलं. उल्हासनगरच्या बाजारात मिक्सर दुरुस्त करून घ्यायला गेले आणि येताना एक जुना, सेलवर चालणारा रेडिओ घेऊन आले. नवरा म्हणाला, "अगं, मोबाइलवर जगातलं कुठलंही स्टेशन लागतं." लागतं ना! पण मोबाइलवर ते आपण शोधायचं असतं. इथे बटण हळूहळू फिरवायचं आणि कोण भेटेल ते भेटेल.

पण बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी भेटेचना. एलईडी दिवे, वायफाय, लिफ्ट, या सगळ्यांची मिळून रेडिओत नुसती घरघर यायची. मग मी गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीपासून डिशच्या दांड्यापर्यंत वायर ताणली. घरघर थोडी कमी झाली, एवढंच.

शेजारच्या सिंधी आंटी गच्चीवर पापड वाळवायच्या. त्या मुलाबरोबर उल्हासनगरहून बदलापूरला राहायला आलेल्या. माझी खटपट बघून हसायच्या. "क्या मिलता है बेटा इसमें?"

"अभी तक तो कुछ नहीं, आंटी."

एका रविवारी संध्याकाळी त्या पापड गोळा करत होत्या, मी बटण फिरवत होते, आणि सगळ्या भागाची लाइट गेली. खालून लोकांची ओरड सुरू झाली. आणि माझ्या हातातली घरघर एकदम थांबली!

इतकी शांतता मी त्या रेडिओत कधी ऐकली नव्हती. काटा जरासा सरकवला तर अरबी गाणं. आणखी सरकवला तर चिनी बाई, अगदी कानाशी बोलल्यासारखी. कुठे थांबू आणि किती ऐकू! पुढे एक पुरुष शांतपणे काहीतरी सांगत होता. मी त्यालाही मागे टाकणार, तेवढ्यात आंटी ओरडल्या, "रुको!"

पापडांचा डबा खाली ठेवून त्या रेडिओजवळ बसल्या. "हीअ त सिंधी आहे!"

एरवी माझ्याशी हिंदीत बोलणाऱ्या आंटी चक्क सिंधीत बोलल्या आणि मला ते जसंच्या तसं कळलं. आवाज समुद्राच्या लाटेसारखा जवळ येत होता, लांब जात होता. तो लांब गेला की आंटी माझं मनगट घट्ट धरायच्या. "बातम्या आहेत का?" मी विचारलं. त्यांनी मान हलवली. "नहीं, खाना बता रहा है. कमलककडी, वो कमल की जड़ होती है ना. मेरी अम्मा भी ऐसे ही बनाती थी, पहले मिट्टी निकालो, बोलती थी."

तेवढ्यात लाइट आली. सगळ्या बिल्डिंगींमधून "आलीऽऽ" असा जल्लोष झाला आणि आमच्या दोघींच्या तोंडून एकदमच निघालं, "अरे देवा!" घरघरीत तो माणूस बुडून गेला.

पुढच्या रविवारी आंटीच आधी तयार. मी, त्या आणि वायरचं भेंडोळं, रिक्षाने सोनिवलीच्या पुढे मोकळ्या शेताच्या बांधावर गेलो. वायर एका करंजाला बांधली. सिंधी काही लागलं नाही. लागली ती दोघींनाही न कळणारी कुठलीतरी भाषा, आणि मध्येच एक बाई खळखळून हसली.

"क्या बोली होगी?" आंटींनी विचारलं, आणि त्याही हसायला लागल्या.