आठवा टाका

माझ्या नणंदेला लोकरीत काय दिसतं ते तिलाच ठाऊक. मला लोकरीत फक्त माझी नणंद दिसते, म्हणून मला लोकर आवडत नाही.

वन्सं नकाशांच्या ऑफिसात तेहेतीस वर्षं ट्रेसर होत्या. साहेबाने पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि तो शाईने जसाच्या तसा गिरवायचा, ही नोकरी. नकाशाच्या कोपऱ्यात एक चौकट असायची. त्यात नाव साहेबाचं. तेहेतीस वर्षांत वन्संचं नाव एकाही चौकटीत आलं नाही, हे त्या जेवताना सांगत, चहा पिताना सांगत, आणि नवीन पाहुणा आला की तो चपला काढत असतानाच सांगत. लग्न त्यांनी केलं नव्हतं. निवृत्त झाल्या आणि दोन ट्रंका घेऊन धाकट्या भावाकडे, म्हणजे आमच्याकडे आल्या. मागच्या खोलीत मी माझं शिलाई मशीन ठेवणार होते. तिथे त्या राहिल्या. मशीन अजून बाल्कनीत आहे, प्लास्टिक पांघरून.

मग त्यांना छंद लागला. जाळीसारखं विणलेलं जाड कॅनव्हास असतं, त्याच्या प्रत्येक भोकातून लोकर ओवून कापड पूर्ण झाकायचं. उशा करा, खुर्चीच्या गाद्या करा, काय हवं ते करा. लोकरीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर मंगळवारी आणि शुक्रवारी याचा क्लास चाले. शिकवणाऱ्या बाईंना सगळ्या मॅडम म्हणत. या मॅडमची एक खोड होती. कुणाचंही काम हातात आलं की त्या आधी उलटं करून मागची बाजू बघत. गाठ दिसली की सगळ्यांसमोर कात्री लावत.

वन्संनी पहिल्याच दिवशी मॅडमची स्वतःची नमुन्याची उशी उचलली, खोळ काढली आणि उलटी केली. मागे गाठीच गाठी.

"हे चालतं का?" त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं.

त्या दिवसापासून मॅडम त्यांच्यावर दात धरून होत्या. घरी येऊन वन्संनी हे मला तीनदा सांगितलं. मला मॅडमची बाजू पटली होती.

दुकानात तर त्यांनी उच्छाद मांडला होता. लोकरीची लडी घेऊन त्या दाराबाहेर उजेडात जायच्या, डोळे बारीक करून बघायच्या, परत आत येऊन दुसरी मागायच्या. चाळीस खण उघडायला लावून एक लडी घ्यायच्या. दुकानदार त्यांना लांबून येताना पाहिलं की चष्मा पुसायला घ्यायचा. मीच एकदा पाहिलं, पाच मिनिटं तोच चष्मा पुसत होता.

घरात सुया सांडत. एक सोफ्यात सापडली. कशी सापडली ते सांगत नाही, पण दोन दिवस मी उभ्याने चहा प्यायले.

त्यांचे प्रयोगही चालत. हातभर लांब कॅनव्हासची एक पट्टी होती. तिच्यावर काडेपेटीएवढे चौकोन, आणि प्रत्येकात एक नवा टाका, कुठल्या पुस्तकातला नाही, स्वतः रचलेला. शेजारी आकडा, आणि वहीत त्या आकड्यापुढे टिपण. त्या पट्टीला त्या कुणाला हात लावू देत नसत. "हे कुणाचं गिरवलेलं नाही," असं म्हणायच्या.

एकतिसाव्या टाक्याच्या वेळी आमची जुंपली. जेवणाच्या टेबलावर फ्रेम, लड्या, कात्र्या. मला पानं मांडायची होती.

"वन्सं, टेबल द्या."

"हा टाका संपू दे."

दहा मिनिटं गेली. "संपला का?"

"आठवा चाललाय. थांब जरा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी फ्रेम धरली आणि ओढली. सुई त्यांच्या हातात होती, ती एक भोक अलीकडेच घुसली. त्या ओळीत आठ तिरके टाके, प्रत्येक आधीच्यापेक्षा एका भोकाने लांब, एकाच सुईत दोन रंगांची लोकर. उतरणीवर ऊन सरकत जावं तसा रंग बदलत होता, एवढं माझ्यासारखीलाही दिसलं. पण आठवा टाका आखूड पडला आणि तिथे कॅनव्हासचा पांढरा ठिपका उघडा राहिला.

"बघ काय केलंस!"

"उसवा मग. रोज उसवताच की."

"नाही उसवणार. राहू दे तुझी खूण." आणि त्यांनी माझ्यासमोर वहीत लिहिलं: ३१. भावजयीचा धक्का.

पुढच्याच आठवड्यात मॅडम घरी आल्या. वन्सं दुकानात गेल्या होत्या. मॅडम म्हणाल्या, ताईंची ती टाक्यांची पट्टी जरा बघायला हवी होती. मी खोलीत गेले, पट्टी आणली आणि त्यांच्या हातात ठेवली. "न्या," म्हटलं, "परत नाही आणलीत तरी चालेल." खरं सांगते, त्या क्षणी मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी वन्संनी घर उलटंपालटं केलं. ट्रंका उपसल्या, गाद्या उचलल्या. मीही शोधू लागले. सोफा सरकवला, टॉर्च घेऊन त्यांच्याशेजारी गुडघे टेकून वाकले. "इथे नाही हो," असं दोनदा म्हटलं.  मला वाईट वाटलं, पण टॉर्च पुढच्या कोपऱ्यात वळवला.

तीन महिन्यांनी दुकानाच्या दर्शनी कपाटात नवीन किट लागलं. पिशवीत कॅनव्हास, लोकर, आकृतीचा कागद आणि वर चिठ्ठी: "चांदणी टाका. रचना: मॅडम." वन्सं ते घेऊन घरी आल्या. टेबलावर आकृती पसरली. आठ तिरके टाके, आठवा एका भोकाने आखूड. मॅडमनी तो चौकोन भोकं मोजून जसाच्या तसा उतरवला होता, आणि चूक तेवढी उशीभर पसरली होती. ते उघडे पांढरे ठिपके म्हणजे म्हणे चांदण्या.

वन्सं रडल्या नाहीत. पिशवीवरच्या त्या चौकोनी चिठ्ठीवर बोट ठेवून म्हणाल्या, "परत चौकट. परत दुसऱ्याचं नाव." मग माझ्याकडे वळल्या. "उद्या शुक्रवार. तू माझ्याबरोबर चल. त्या दिवशी टेबलाशी दुसरं कुणी नव्हतं."

रात्रीचं जेवण मला गेलं नाही. मी बोलले तर मॅडम मला सोडणार नव्हत्या. नाही बोलले तर या म्हातारीला कुणी विचारणार नव्हतं. आणि मला ती आवडत नव्हती, हेही होतंच.

दुकानात क्लासच्या दहाबारा बायका, दुकानदार आणि मध्ये मॅडम. वन्संनी किट काउंटरवर टाकलं.

"हा टाका माझा आहे."

मॅडम हसल्या. "ताई, टाके काय कुणाच्या मालकीचे असतात?"

"मग चिठ्ठीवर नाव कशाला घातलंत?"

दुकानदाराने चष्मा काढला. वन्संनी वही उघडून दाखवली.

"वहीत काय, काल रात्रीही लिहिता येतं," मॅडम म्हणाल्या.

"ठीक आहे. मग आठवा टाका आखूड का, ते सांगा."

"तीच तर गंमत आहे त्यात. चांदणी दिसावी म्हणून."

वन्सं माझ्याकडे बघत राहिल्या. सगळ्या बायका माझ्याकडे बघू लागल्या. 

"ती चांदणी नाही," मी म्हटलं. "मी फ्रेम ओढली होती. आमचं भांडण झालं होतं टेबलावरून. सुई चुकली, म्हणून तो आखूड आहे."

एक बाई फिसकन हसली, मग सगळ्याच हसल्या. मॅडमचा चेहरा उतरला. पण त्या काही कच्च्या नव्हत्या.

"मग हेही सांगा ना," त्या मला म्हणाल्या, "पट्टी मला कुणी दिली ते. परत नाही आणलीत तरी चालेल, असं कोण म्हणालं?"

हसू थांबलं. 

"मी," मी म्हटलं.

वन्संनी ओरडायला हवं होतं. मी त्याच तयारीत होते, उत्तरंही जमवली होती. पण त्या हळू आवाजात म्हणाल्या, "टॉर्च धरून सोफ्याखाली माझ्याबरोबर वाकली होतीस ना तू?"

मी काउंटरवरचं किट सरळ करून ठेवलं. 

दुकानदार मध्ये पडला. किट खपत होतं, त्याला ते काढायचं नव्हतं. चिठ्ठी बदलतो म्हणाला. त्याने वन्संचं पूर्ण नाव विचारलं, त्यांनी एकेक अक्षर सांगितलं, आणि त्याने लिहिलेलं वाचून दोनदा तपासलं.

"आणि टाक्याचं नाव? चांदणीच ठेवू?"

"नाही," वन्सं म्हणाल्या. "वहीत आहे तेच."

मॅडमनी पट्टी खणातून काढून दिली. वन्सं ती छातीशी धरून घरी चालत आल्या, माझ्यापुढे दहा पावलं. त्यांच्या खोलीला आता कुलूप असतं. टेबल मात्र पानं मांडायच्या अर्धा तास आधी रिकामं झालेलं असतं. इतकी वर्षं मी त्यासाठी भांडले, आणि आता ते रिकामं टेबल मला बघवत नाही.

किट अजून कपाटात आहे. रचनेपुढे त्यांचं नाव, आणि वर ठळक अक्षरांत: भावजयीचा धक्का. माझं नाव कुठेच छापलेलं नाही. पण मी दुकानापुढून गेले की आतल्या बायका एकमेकींना कोपरखळी मारतात, आणि दुकानदार चष्मा पुसायला घेतो.