वायर काढली तरी ओ येत होती

चाकणच्या त्या कारखान्यात मी डिस्पॅचला कॉम्प्युटरवर बसायचो. तीन वर्षं कंत्राटावर घासल्यावर कायम करायच्या यादीत माझं नाव साहेबांकडे सहीला गेलं, आणि नेमकं त्याच आठवड्यात माझं मशीन बिघडलं. पाच मिनिटं नेटवर्क चालायचं, मग गायब. नेटवर्क नाही तर लेबल छापत नाही, लेबल नाही तर पेटी गाडीत चढत नाही. मी मशीन बंद-चालू केलं, वायर बदलली, शेवटी टेबलावर हात आपटला.

साहेब तिथल्याच गावचे, चिडले की गावची बोली बाहेर यायची. "गाडी कवाधरनं गेटावर उभी हाय! एवढं जमत न्हाई, अन् म्हणं कायम करा?" सगळ्या ऑफिससमोर. दोन टेबलं पलीकडे क्वालिटीत माझा मित्र बसायचा. तो मान खाली घालून टाइप करत राहिला. मला वाटलं, माझी शोभा झालेली त्याला बघवत नसेल.

आम्ही दोघं लातूरकडचे. तळवड्याला दोन वर्षं एका खोलीत राहिलो, एका डब्यात जेवलो. माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हाही तोच सोबत होता.

नेटवर्क सांभाळणारा माणूस बाहेरचा होता. त्याला फोन लावला. तो म्हणाला, "तुमचा पत्ता दुसऱ्या कुणीतरी घातलाय." आमच्याकडे प्रत्येक मशीनला नेटवर्कचा पत्ता हातानं घालायचे, सगळे आकडे सारखे, फक्त शेवटचा वेगळा. दोन मशीनना एकच पत्ता पडला की दोन्ही अडखळतात. "वायर काढा आणि शेजारच्या मशीनवरून तुमच्याच पत्त्याला पिंग करा," तो म्हणाला. पिंग म्हणजे हाक मारून बघायची.

माझी वायर माझ्या हातात होती आणि शेजारच्या पडद्यावर माझा पत्ता ओ देत होता. अंगावर काटाच आला.

मग भिंतीवरच्या पेटीतून एकेक वायर उपटत गेलो. स्टोअरची काढली, ओ येतच होती. अकाउंट्सची काढली, तेच. मित्राच्या टेबलाची काढली आणि ओ थांबली. परत लावली, परत काढली, असं तीनदा केलं. खरं तर पहिल्याच खेपेला कळलं होतं.

गिऱ्हाइकाच्या पोर्टलसाठी माझ्या पत्त्याला इंटरनेट खुलं होतं, बाकीच्यांना बंद. कधीतरी जेवताना त्यानं विचारलं होतं, "तुझंच कसं काय चालतंय रे?" आणि मी फुशारकीत शेवटचा आकडा सांगून बसलो होतो. तेवढी चूक माझी, ती मी नाकारत नाही.

त्याला जिन्यात गाठलं. "दुसऱ्या शिफ्टला लावायचो भावा, तुझं मशीन बंद असतंय तेव्हा," तो म्हणाला. "ह्या खेपेला काढायचं राहिलं."

"आणि साहेब मला झापत होते तेव्हा? तेव्हाही कळलं नाही?"

"कळलं." तो कठड्याकडे बघत होता. "घाबरलो रे. माझंबी नाव आहे यादीत." मग त्यानं माझा दंड धरला. "चारपर्यंत थांब. मीच जाऊन सांगतो साहेबांना."

थांबलो. नुसता थांबलो नाही, मला त्याचं कौतुकसुद्धा वाटलं, इतका मी येडा. दुपारभर साहेबांची केबिन समोर होती, दार उघडं होतं, दहा पावलं चालायची होती. त्याला पहिलं बोलू द्यावं म्हणून मी जागचा हललो नाही.

चारला बोलावणं आलं. साहेब चिडलेले नव्हते, त्याचीच भीती वाटली. "त्यो सगळं सांगून गेला," ते म्हणाले. "पत्ता तूच दिला. त्याच्या मशीनला बसवूनबी तूच दिला. व्हय का न्हाई?"

एक खरं सांगून त्यानं त्याच्याच आडून खोटं घुसवलं होतं.

"दिला होता," मी म्हणालो. "बसवून नव्हता दिला."

"दिला व्हता ना? मग झालं तर."

यादी टेबलावरच पडली होती. त्यांनी माझ्या नावावर काट मारली. त्याचं नाव लगेच खाली होतं. तिथं त्यांनी सही केली.