वसाहतीत न आलेली बस

शहराने माणसाला वर कसं आणावं यावर कुणी तोंडभर बोलायला लागलं, उड्डाणपूल, मोठाले प्रकल्प, कौशल्य केंद्रं मोजून दाखवायला लागलं, की माझं डोकं फिरतं. मला एक बस आठवते. साधी, लाल, खडखडणारी. ती आमच्या दारापर्यंत यायला निघाली होती आणि आमच्याच लोकांनी तिला परत पाठवलं.

भोपाळच्या बरखेड्यातली आमची वसाहत म्हणजे कारखान्याची वसाहत. बाबा साताऱ्याहून नोकरीसाठी आले आणि फोरमन झाले. क्वार्टर कारखान्याचं, पाणी कारखान्याचं, शाळा, दवाखाना, बाजार सगळं कारखान्याचं. नळ गळला तरी कारखान्याचा माणूस यायचा. भोपाळ हे आमच्या लेखी दुसरंच गाव होतं. लग्नाच्या खरेदीला तिथे जायचं आणि अंधार पडायच्या आत परत यायचं. आई म्हणायची, "उद्या शहरात जायचंय," आणि आपण राहतो तेही शहरच आहे, हे कुणाच्या मनातही येत नसे.

गणपतीचं विसर्जन झालं की आमच्या मंडळाची सभा भरायची. तिच्यात गणपती सोडून बाकी सगळं ठरायचं. कुणाच्या कुत्र्याने कुणाची फुलं तुडवली इथपासून. एका वर्षी त्या सभेत नगर निगमचा, म्हणजे भोपाळच्या महापालिकेचा, एक तरुण अधिकारी आला. शहराची बस मोठ्या रस्त्यावरच्या नाक्यावरून मागे वळायची, ती आता आत आणायची, शाळेवरून बाजारापर्यंत, असं त्याने सांगितलं. तीच बस अशोका गार्डनमधून पुढे शहरातल्या ऑफिसांच्या भागात, एम. पी. नगरला जाणार होती. कारखान्याच्या साहेबांची हरकत नव्हती, फक्त रहिवाशांचं मत हवं होतं. "बच्चों के काम आएगी, भाईसाहब," असं म्हणून तो बिचारा चहा पिऊन गेला.

तो गेल्यावर बाबा उभे राहिले. बाबांना बोलता फार छान यायचं, हेच आमचं नशीब. "आज बस येईल, पण उद्या त्या बसमधून कोण कोण उतरेल?" त्यांनी विचारलं. "मोकाट माणसं आत येतील, चोऱ्या होतील, पोरीबाळींना फिरणं मुश्कील होईल. आणि आपल्या मुलांना जायचंय कुठे? ती आपल्या कारखान्यातच लागणार." टाळ्या पडल्या. बस नको म्हणणाऱ्यांनी हात वर करा म्हटल्यावर सगळ्या सभेने हात वर केले. आईने नाही केला. तिच्या दोन्ही हातांत पोह्यांच्या बशा होत्या, एवढंच त्याचं कारण.

"आपल्या कारखान्यातच लागणार" हे बाबांचं एकट्याचं खूळ नव्हतं. आमच्या अख्ख्या गल्लीचा तो धर्म होता. बाप आत असला की मुलगा आत, असंच सगळ्यांनी पाहिलं होतं. मग भरती बंद झाली. पुढच्या वर्षी होईल, त्याच्या पुढच्या वर्षी होईल, असं म्हणत गल्लीतली शिकलेली मुलं ओट्यावर बसून राहिली.

माझी ताई बसून राहणाऱ्यांतली नव्हती. ती संगणकावर इमारतींचे नकाशे काढायला शिकली आणि एम. पी. नगरमध्ये एका आर्किटेक्टकडे कामाला लागली. वर्षभर टिकली तर कायम करू आणि पुढच्या शिक्षणाचा खर्चही देऊ, असं तिला सांगितलं होतं. तिच्या नोकरीवर घराचं बरंच काही टांगलेलं होतं. बाबांच्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. निवृत्त झाले की क्वार्टर सोडायचं, आणि आमच्या मालकीची चार भिंतींची जागा जगात कुठेही नव्हती. ताई कायम झाली तर कर्ज मिळेल, दोन खोल्या होतील, असं आईने धरून ठेवलं होतं. ताई मात्र खोल्यांसाठी जात नव्हती. तिला ते काम मनापासून आवडायचं. जेवताना ती बोटाने ताटात जिने काढून दाखवायची.

सकाळी नाक्यापर्यंत चालत जाणं सोपं होतं. संध्याकाळी मात्र ऑफिस सुटून ती नाक्यावर उतरेपर्यंत काळोख व्हायचा. तिथून घरापर्यंत कारखान्याच्या भिंतीकडेने लांबच लांब रस्ता, आणि पाळी सुटण्याची वेळ सोडली तर त्यावर चिटपाखरू नसायचं. रिक्षावाले आत यायला कुरकुरायचे. बाबा स्कूटरवरून तिला आणायला जायचे, पण त्यांची दुसरी पाळी असली की तोही मार्ग बंद. त्या आठवड्यात ताई एकटी चालत यायची आणि आई फाटकाशी उभी राहायची.

एका संध्याकाळी ताई धावत आली. मोटरसायकलवरची दोन पोरं नाक्यापासून तिच्या मागे होती. हात लावला नाही, पण सोडलंही नाही. तिने पाणी मागितलं आणि उभ्यानेच प्यायलं. मला तेव्हा इतकी भीती वाटली की मी तिच्याजवळ जायचं सोडून दाराला कडी घालून आले.

दुसऱ्या दिवशी बाबा रजा टाकून नगर निगममध्ये गेले. बस आत आणा, निदान संध्याकाळी एक फेरी आणा, म्हणून विनवणी करायला. परतले ते पंख्याखाली बसले. आईने विचारलं तेव्हा म्हणाले, "तिथला बाबू हसला. म्हणाला, आप ही लोगों ने तो मना करा था, साहब. अब वो गाड़ी दूसरे रूट पे लग गई."

"हात दाखवून अवलक्षण," आई म्हणाली आणि आत गेली.

बाबांनी पाळी बदलून मागितली, ती मिळाली नाही. ताईने नाक्याजवळ खोली बघू का विचारलं, ते घरात कुणालाच पटलं नाही. शेवटी बाबाच म्हणाले, "सध्या थांब. जवळपास काहीतरी मिळेल." जवळपास काय मिळणार होतं? एक कारखाना, आणि त्याचं दार बंद.

राजीनामा द्यायला बाबाच तिला स्कूटरवरून घेऊन गेले. दुपारी दोघं परत आली. ताईने हातपाय धुतले आणि कणीक मळायला घेतली. आईने तिला हळूच विचारलं, "साहेब काय म्हणाले गं?"

"का सोडतेस म्हणाले. काम चांगलं करतेस म्हणाले. काही अडचण असेल तर सांग म्हणाले."

"मग तू काय सांगितलंस?"

ताईने कणकेवर पाण्याचा हबका मारला. "लग्न ठरलंय म्हणून सांगितलं. बाबा बाजूला उभे होते ना. त्यांच्यादेखत बसचं कसं सांगणार?"

बाबा बाहेरच्या खोलीत बूट काढत होते. मधलं दार उघडंच होतं. ते म्हणाले, "साहेबांनी मला पेढा दिला. मी खाल्ला."