प्रवेश मोफत, हात लावू नये

शिंप्याच्या मशीनखाली चिंध्या जमतात, त्या काही कुणी मुद्दाम जमवत नाही. शिंपी आपला पाय मारत असतो आणि दुकान बंद करताना खाली बघतो तर हा ढीग! कर्जतशेजारच्या दहिवलीतल्या कापडाच्या म्युझियममधली माझी नोकरी अशीच गेली. तिथे काम काय केलंत, असं विचाराल तर मला आठवून सांगावं लागेल. पण किस्से म्हणाल, तर चहा टाका आणि बसा.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. मुंबईतल्या एका कापडवाल्या शेठनी घराण्यातली जुनी वस्त्रं एका ट्रस्टला दिली, ती मांडायला दहिवलीतली आपली रिकामी वखार दिली आणि दारावर ‘वस्त्र संग्रहालय’ अशी पाटी लागली. क्युरेटर टिपणीसबाई. कर्जतच्या जुन्या वकील घराण्यातल्या, मुंबईतली चांगली नोकरी सोडून आलेल्या. साडी कडक इस्त्रीची आणि आवाजालाही तीच इस्त्री! मी त्यांची कार्यक्रम सहायक. दहिवलीचीच, ताजी ताजी बी.ए. आणि तिसरा गोमा. तो शिपाई, वॉचमन, माळी, आणि बाई रजेवर असल्या की डायरेक्टर!

शेठ दिलदार, पण त्यांनी एक अट घातली होती. लोक येत असतील तर म्युझियम, नाहीतर परत वखार. तिकडे साजगाव-खोपोलीला कारखान्यांची रांग लागलेली, त्यामुळे वखारींना भलताच भाव आलेला. म्हणून बाई कार्यक्रमामागून कार्यक्रम काढायच्या. बाईंचा जीव त्या इमारतीत होता आणि माझी नोकरीही त्याच इमारतीत, त्यामुळे आम्हा दोघींची झोप एकाच कारणानं उडायची.

* * *

उद्घाटनाला जिल्ह्यातले एक पुढारी आले होते. बाजारातली नायलॉनची रिबन लावायची म्हटल्यावर बाईंचा चेहरा असा झाला, की मी विषयच सोडला. त्यांनी दाराला हातमागावर विणलेला रेशमी काठ बांधला. कात्रीही साधी चालेना. संग्रहातली जुनी, पितळी मुठीची कात्री तबकात ठेवली.

बँड वाजला. पुढाऱ्यांनी कात्री चालवली. काठ जिथल्या तिथे! पुन्हा चालवली. काठ नुसता दुमडायचा आणि कात्रीतून सुटायचा. बँडवाल्यांनी दुसरं गाणं घेतलं. पुढारी घामाघूम. बाजूला ज्यानं तो काठ विणला तो विणकर उभा होता. तो लोकांना अभिमानानं म्हणाला, “बघा बघा! तुटतोय का?”

गोमा धावत जाऊन गवत कापायचा कोयता घेऊन आला. कोयता बघून पुढाऱ्यांचा पोलीस पुढे झाला. शेवटी पुढाऱ्यांनी कात्री तबकात ठेवली, टोपी सावरली आणि कमरेत वाकून रिबनीखालून आत गेले. आतून आवाज आला, “मी आलोय आत! तुम्ही झालं म्हणा उद्घाटन!”

* * *

आपल्याकडची बाई कापड डोळ्यांनी बघत नाही, बोटांनी बघते. अंगठा आणि तर्जनीत पदर चुरडल्याशिवाय तिला ते दिसतच नाही. आम्ही ठिकठिकाणी ‘हात लावू नये’ अशा पाट्या लावल्या होत्या. शाळेची एक सहल येऊन गेली, तेव्हा गुरुजींनी जाताना विचारलं, “काय शिकलात रे आज?” सगळी पोरं एका सुरात ओरडली, “हात लावू नये!”

बाई आधुनिक विचारांच्या. त्यांनी दाराशी एका दांडीवर इरकलीचा नवा कोरा तुकडा लावला आणि वर पाटी लिहिली, ‘हात लावून पाहा’. एकही बाई हात लावेना! उलट लांबून वळसा घालून जायला लागल्या. मी एकीला विचारलं, “काकू, लावा की हात, परवानगी आहे.”

“नको गं बाय,” ती म्हणाली, “लावा म्हंतात त्या अर्थी कायतरी असंल त्यात!”

आणि तीच बाई पुढे जाऊन पेशवाईतला शेला चुरडून आली.

बाईंनी एक आठवडा हे सोसलं. मग एका सकाळी तिरीमिरीत उठून त्यांनी दोन्ही पाट्यांची अदलाबदल केली. ‘हात लावू नये’ इरकलीवर आणि ‘हात लावून पाहा’ शेल्यावर. दिवाळीपर्यंत त्या इरकलीचं पोतेरं झालं. शेला आजही जसाच्या तसा आहे!

* * *

नैसर्गिक रंगांचं शिबिर ठेवलं तेव्हाची गंमत. काळा रंग करायचा तर गंजकं लोखंड आणि गूळ पाण्यात घालून मडक्यात आंबवत ठेवावं लागतं. आम्ही मागच्या अंगणात तशी मडकी मांडली, तोंडाला फडकी बांधली. हळूहळू वास सुटला. वारं आमच्या बाजूनं पोलीस चौकीच्या दिशेनं जायचं, हे काही बाईंच्या पुस्तकात दिलेलं नव्हतं.

आमच्या भागात डोंगराच्या आडोशाला काय काय गाळलं जायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. जमादार दोन शिपाई घेऊन हजर झाले. तोंडात सुपारीचा तोबरा.

“ह्ये काय हाय?”

“रंग आहे,” बाई म्हणाल्या.

“बाई, गूळ हाय, मडकी हायत, वास हाय. आता अजून काय पायजे? म्हने रंग!”

“मग चाखून बघा,” बाई सहज म्हणाल्या.

जमादार भाबडे नव्हते, पण हौशी होते. त्यांनी ओंजळभर घेतलं, तोंडात खेळवलं आणि तोंड वेडंवाकडं करून थुंकून टाकलं. आता हा काळा रंग चढायला कापड आधी हिरड्याच्या तुरट पाण्यात बुडवावं लागतं. जमादारांच्या तोंडात तुरट सुपारी तयारच होती! जीभ, दात, ओठ, मिशीचं टोक, सगळं असं काळंकुळकुळीत झालं, की तसा रंग आम्हाला पुढे कुठल्याच कापडावर साधला नाही.

जमादार चार दिवस तोंडावर रुमाल धरून बाजारातून फिरले. पण कर्जतच्या बाजाराला रुमाल कुठला पुरा पडतोय! आणि डोंगराआडच्या मंडळींना तर नवीनच खबर कळली. जमादार माल जप्त करायच्या आधी चाखतात!

* * *

आता हा किस्सा माझ्या घरचा. बुद्धपौर्णिमेला बाईंनी मुंबईच्या एका विदुषींचं व्याख्यान ठेवलं. विषय, ‘वस्त्र आणि स्त्रीजीवन’. हॉल भरेना. बाईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी आमच्या वस्तीत गेले. सकाळची वंदना उरकून सगळी मंडळी निघालीच होती, त्यांना म्हटलं, चला. पहिल्या चार रांगा भरून गेल्या. बायका सगळ्या पांढऱ्याशुभ्र साड्यांत, आमच्याकडे त्या दिवशी नेसतात तशा, आणि शेजारी आपापले नवरे.

विदुषी व्यासपीठावर चढल्या, समोर बघितलं आणि त्यांचा आवाज दाटून आला. तयार भाषण त्यांनी बाजूला ठेवलं. म्हणाल्या, “भगिनींनो, तुमच्या अंगावरचं हे वस्त्रच मला सारं काही सांगतंय. ऐन उमेदीत तुमच्या आयुष्यातले रंग निघून गेले...” आणि पुढे अर्धा तास वैधव्यावर बोलल्या. चांगलं बोलल्या हो! बाई छताकडे बघत होत्या. आमच्या बायका मात्र माना डोलावून ऐकत होत्या. त्यांना वाटलं, हे दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय.

शेवटी विदुषी खाली उतरल्या आणि पहिल्या रांगेतल्या माझ्या मावशीचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाल्या, “कधी गेले हो?”

मावशीच्या डोक्यात आता कुठे प्रकाश पडला. तिनं शेजारच्या खुर्चीतल्या काकांना कोपरानं ढोसलं.

“ह्यो काय हितंच हाय! तुमच्या भाषनानं झोपलाय, गेला नाय!”

* * *

फेटा बांधण्याच्या स्पर्धेला डोकी कमी पडली. बांधणारे खालापूरकडचे म्हातारे भरपूर, पण बांधायचा कुणाच्या डोक्यावर? रसायनीच्या एका कारखान्यातले साहेब पाहुणे म्हणून आले होते, बाईंनी त्यांनाच स्टुलावर बसवलं. त्यांच्या डोक्यावरच्या फेट्याला पहिला नंबर मिळाला. साहेब आरशात बघून हरखले. फेटा काढायलाच तयार होईनात. तसेच, गळ्यात सत्काराचा हार घालून घरी निघाले.

त्यांच्या कॉलनीच्या क्लबात मला पुढच्या कार्यक्रमाचं पोस्टर लावायचं होतं, म्हणून मीही त्यांच्याबरोबर गेले. साहेबांना फेटा सावरायला दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून सत्काराचा नारळ माझ्याकडे. योगायोगानं त्या दिवशी मी नवी हिरवी साडी नेसले होते. कॉलनीत शिरल्यापासून गॅलऱ्या भरायला लागल्या.

मिसेसनी दार उघडलं. आधी फेट्याकडे बघितलं, मग हाराकडे, मग मागे नारळ घेऊन उभ्या असलेल्या माझ्याकडे. जराही आवाज न चढवता म्हणाल्या, “आधी कळवायचं ना. मी पोळ्या दोघांपुरत्याच केल्यात.”

* * *

हसून हसून पोट दुखायचं, पण खरं सांगते, गर्दी काही टिकायची नाही. कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरायचा आणि दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिघं आणि पाली. एका वर्षी, ऐन लग्नसराईच्या आधी, शेठचा निरोप आला. बघायला येतोय. पाडव्यापासून कापडाच्या गाठी तिथे उतरतील. बाईंनी निरोप वाचला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्यासमोर डोळ्याला पदर लावला. मला त्या कापलेल्या नखांसारख्या नीटनेटक्या बाईचं इतकं वाईट वाटलं, की मीही रडायला बसले. गोमा म्हणाला, “रडता काय? येकदा झ्याक परदर्शन लावा न् मंग रडा.”

बाईंनी शेवटचं प्रदर्शन लावलं, ‘लग्नाची वस्त्रं’. स्टेशनवर आणि खालापूरच्या नाक्यावर बोर्ड लागले, ‘शालू, शेले, पैठण्या, पागोटी. सर्वांनी सहकुटुंब यावे. प्रवेश मोफत.’ हॉलमध्ये पांढऱ्या चादरी घातलेल्या गाद्या आणि तक्के. खुद्द शेठच्या पणजीचा डाळिंबी शालू बाईंनी कपाटातून काढून मधोमध मांडला.

शेठ आले. फिरले. शालूकडे धड बघितलंही नाही. भिंती मापल्यासारख्या बघत म्हणाले, “बाई, तुम्ही फार केलंत. पण माणूसच नाही तर दाखवायचं कुणाला?”

एवढ्यात बाहेर टेंपो थांबला आणि त्यातून माणसं उतरायला लागली. उतरतच राहिली! म्हातारी आजी पुढे, मागे नवरी, तिची आई, मामा, काकवा, आत्या, शेजारणी, पोरंसोरं. चपला काढून सगळे गाद्यांवर ऐसपैस बसले. आजी म्हणाली, “बस्ता बांधायचा हाय. आदी नवरीचं काढा.”

लग्नाच्या कपड्यांची खरेदी करायला अख्खं वऱ्हाड आमच्या म्युझियममध्ये आलेलं! मी सांगायला तोंड उघडलं, तर बाईंनी माझा हात दाबला.

शेठकडे बघितलं तर त्यांचं काहीतरी वेगळंच चाललेलं. पेढी मुलांनी हाती घेतल्यापासून बिचाऱ्यांना गिऱ्हाइकासमोर बसायलाच मिळालं नव्हतं. त्यांनी चपला काढल्या, कोट गोमाकडे दिला आणि गादीवर मांडी ठोकून बसले. “या माई, बसा. गोमा, पाणी आण मंडळींना! नवरी कुठली? ही? वा! हिला डाळिंबीच खुलणार.” आणि एका झटक्यात पणजीचा शालू असा उलगडला, की बाईंच्या तोंडून चीत्कार निघाला. काठ दाखव, पदर दाखव, जरीचं काम उन्हात धर! बायका पुढे सरकल्या. नवरीचे डोळे शालूवरून हलेनात.

आजीनं पदर बोटांत धरून चुरडला. “रंग जाईल का?”

“माई, काय बोलता!” शेठ गरजले. “दीडशे वर्षांत गेला नाही, आता काय जातोय!”

आजीचा हात थांबला. तिनं पदर हळूच खाली ठेवला.

“दीडशे वर्सं? आन् येवढ्या वर्सांत कुनी घेतला नाय? मंग खोट असनार ह्याच्यात! उठा गं पोरीनू, कल्यानला जाऊ.”

“अहो माई, थांबा! बसा तरी! दुसरा दाखवतो!” शेठ अनवाणी टेंपोपर्यंत धावत गेले. टेंपो गेला.

शेठ परत आले. लालबुंद झाले होते. शालूसमोर उभे राहून बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. बाईंनी किल्ल्यांचा जुडगा त्यांच्यापुढे धरला. “शेठ, पाडव्याला गाठी उतरवायच्यात ना?”

“कसल्या गाठी?” शेठ ओरडले. “हा शालू खपेपर्यंत दुकान बंद करायचं नाही!”