गुडघ्याआधी चहा नाही

आईच्या गुडघ्याची वाटी श्रावणात बदलली. ऑपरेशन फर्स्ट क्लास झालं, असं डॉक्टर म्हणाले, आणि लगेच म्हणाले, माझं काम संपलं, आता तुमचं सुरू. पलंगावर पडून टाच घसरवत मागे आणायची, गुडघा दुमडायचा, क्षणभर थांबायचं, पुन्हा तेच. रोज. नाहीतर गुडघा आहे तिथेच आखडेल. आम्ही भांडुपला तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. आमच्याच मजल्यावरच्या एक काकू पायांमुळे अशा घरात अडकल्या. आता त्या फक्त खिडकीत दिसतात. आईचंही तसंच होणार, या भीतीने माझी झोप उडाली होती. आईला मात्र छान झोप लागायची.

"गणपती होवंदे गो, मगे करतंय," ती म्हणाली. टाळाटाळ करायची असली की आई मालवणीत शिरते. बरं, गणपती आले. वॉकरच्या दांड्याला कढीपत्त्याची पिशवी अडकवून ही बाई ओट्याशी उभी राहून नारळ खवत होती. दुमडायचा तो गुडघा सरळ आणि जिथे बसायला सांगितलंय तिथे उभी. गणपती गेले. मी म्हटलं, आता?

"आता पक्ष लागला. पक्षात नवीन काय सुरू करू नये."

"आई, व्यायाम आहे तो! फ्लॅटचं बुकिंग नाही करायचंय आपल्याला!"

"तेच ता. घटस्थापनेला सुरू करतंय. चांगला दिवस."

म्हणजे गुडघ्यालाही मुहूर्त. मी डोक्याला हात लावला. मोबाइलवर गजर लावून दिला, तर तो वाजतो म्हणून तिने मोबाइल उशीखाली घातला. घरी येणारी फिजिओवाली मुलगी ताकीद देऊन गेली, तर आईने तिला लाडू खायला घातला आणि पुढच्या आठवड्यात ये म्हणून सांगितलं. घटस्थापना उजाडली. मग काय, नवरात्राचे उपास, अंगात ताकद कुठे आहे! मी ओरडायचे, रुसायचे, पवईला ऑफिसात बसून फोनवर दम द्यायचे. ती "हो गं बाई" म्हणायची आणि भाजी निवडायची. एखाद्या चिवट सरकारी कचेरीशी भांडावं तसं होतं ते.

दसरा झाल्यावर डॉक्टरांनी गुडघा वाकवून पाहिला आणि त्यांचा चेहराच उतरला. आणखी थोडे दिवस बघू, म्हणाले, नाहीतर भूल देऊन आम्हाला जबरदस्तीने वाकवावा लागेल. परतताना रिक्षात मी संतापून रस्त्याकडे तोंड करून बसले. आईच बोलली. "दुखतं गं खूप," ती म्हणाली, अगदी शुद्ध मराठीत. मला रडू आलं आणि त्याचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि नुसती बघत बसले. सकाळी उठल्या उठल्या बाबांचा चहा. मग देवाचा दिवा, मग कुकर, मग बाबांची गोळी, मग दुसरा चहा. दर वेळी मी "आई, पाय" म्हटलं की उत्तर एकच, एवढं झालं की करते. आणि ते एवढं काही संपत नव्हतं. आळशी कसली! माझी आई एकही काम उद्यावर टाकत नाही. तिने फक्त स्वतःलाच रांगेच्या शेवटी उभं केलं होतं, आणि आमच्या घरात रांग कधी हलतच नाही.

मग मी जाहीर केलं: गुडघ्याआधी चहा नाही. सकाळी आईचा व्यायाम होईपर्यंत गॅस पेटणार नाही.

"माझ्या चहाचा आणि हिच्या गुडघ्याचा काय संबंध?" बाबा भडकले. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, हजार लोकांची कर्जप्रकरणं तपासली असतील, पण चहा करता येत नाही. शिका म्हटलं तर पेपर उघडून बसले. बसा. मी लायटर पर्समध्ये टाकला.

पहिल्या दिवशी आईच कासावीस झाली. "अगो, त्यांचा डोक्या दुखतला!" मी म्हटलं, दुखू दे, तू पाय दुमड. ती रडत, मला शिव्या घालत दुमडू लागली. बाबा दारात येरझाऱ्या घालत होते. दोन-चार दिवसांतच मात्र वेगळीच गंमत झाली. बाबा पहाटे आईच्या पलंगाशी टॉवेल घेऊन हजर. टॉवेल तळव्याला अडकवून ओढायचा असतो, हे त्यांनी त्या फिजिओवाल्या मुलीला स्वतः विचारून घेतलं होतं. "चल, वाकव. आणखी. अगं, एवढ्याने काय होतंय?" प्रेम वगैरे काही नाही, चहाची तलफ. पण गुडघा वाकायला लागला. हळूहळू आई जिन्याच्या एका वळणापर्यंत उतरू लागली, मग दुसऱ्या.

परवा ऑफिसात मीटिंग चालू असताना आईचा फोन. मागे नुसता गलका.

"कुठे आहेस तू?"

"बाजारात. तिसऱ्यो बरे मोठे इलेत. घेव?"

"एकटी उतरलीस? कुणाला विचारून? पडली असतीस म्हणजे!" मी काचेच्या त्या खोलीत उभी राहून बोंबलत होते आणि सगळे माझ्याकडे बघत होते. रागाच्या भरात काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "आणि तिसऱ्या कशाला? बाबा शिंपल्यातलं काही खात नाहीत."

"त्यांका नको तर नको. माका आवडतत."

तिने फोन ठेवून दिला. आमच्या घरात आजवर तिसऱ्या कधी शिजल्या नव्हत्या. आईला त्या आवडतात, हे मला माहीतच नव्हतं.