किनुएबाई आणि खाडीचा दरवाजा

जपानी रेल्वेचा गार्ड सिग्नलकडे बोट करून मोठ्याने पुकारतो, तशी किनुए ओकुमुरा स्क्रीनवरची प्रत्येक ओळ बोट ठेवून मोठ्याने वाचते. ऑफिसातली पोरं हसतात, "ओकुमुराबाई, गाडी सुटली का?" हसेनात का! चौपन्नाव्या वर्षी बाईने कुणाकुणाचं तोंड धरायचं?

त्या मंगळवारी मात्र कुणाला हसू येत नव्हतं. संध्याकाळी सहाला भरती आणि तुफान एकदमच गावावर येणार होतं. खाडीच्या तोंडाशी लोखंडी दरवाजा आहे, ऑफिसातलं बटण दाबलं की तो बंद होतो. पण सकाळी तो किती सरकला याचं प्रोग्रामचं मोजमाप चुकलं. दरवाजा अर्ध्यावरच थांबला आणि स्क्रीन खुशाल 'बंद' म्हणत राहिली. दुरुस्त प्रोग्राम वेळेत तयार झाला नाही, तर गावचे स्वयंसेवक बांधावर जाऊन दरवाजाचं चाक हाताने फिरवणार. त्यांत किनुएचा नवरा सादाओही होता. चारनंतर वाऱ्यात बांधावर उभं राहणं जिवावरचं होतं.

ती मोजमापाची चूक प्रोग्राम तयार करणाऱ्या, म्हणजे बिल्ड करणाऱ्या, नव्या साधनातच सुधारली होती, आणि ते नव्या सिस्टिमवरच चालतं. म्हणून नवा कॉम्प्युटर आणला. तर तो तीनदा म्हणाला, साधन सापडत नाही! नव्या सिस्टिमने साधनं ठेवायची जागाच बदलली होती. ऑफिसचे प्रमुख तात्सुमीसाहेब यांनी शक्कल लढवली. जुन्या कॉम्प्युटरवरचं साधनांचं फोल्डर उचलून नव्यावर जुन्याच जागी आणून ठेवलं. सव्वातीनला स्क्रीन हिरवी झाली, म्हणजे प्रोग्राम तयार.

"झालं! पाठवा," साहेब म्हणाले.

किनुएने बोट ठेवलं. "साधन, जुन्या फोल्डरातून. आवृत्ती, नऊ वर्षांपूर्वीची." "साहेब, याने जुनंच साधन उचललंय. सकाळचीच चूक आहे ही, नुसती हिरवी केलेली."

"मग नीट करा!"

"नीट करून बिल्ड व्हायला पाऊण तास. तोवर चार वाजतील, आणि तोही फसला तर बांधावर कुणाला पाठवता येणार नाही."

तिने नवऱ्याला फोन लावला. "अहो, निघा. दरवाजा हातानेच बंद करा."

"अगं, मशीन करणार म्हणालीस ना?"

"भरवसा नाही त्याचा. आत्ता निघा."

जुनं फोल्डर काढून तिने खऱ्या साधनाचा पत्ता घातला आणि बिल्ड पुन्हा लावला. वाऱ्याने काचा खडखडत होत्या. चार वाजले. सादाओचा फोन नाही.

चार-पाचला बिल्ड झाला. तिने ओळन् ओळ वाचली आणि प्रोग्राम दरवाजाला पाठवला. स्क्रीनवर आता खरा आकडा आला, दरवाजा एकसष्ट टक्के बंद. मग त्रेसष्ट.

"आता दाबा बटण!" साहेब ओरडले.

"खबरदार! चाकावर माणसं आहेत, मोटर फिरली तर हात तुटतील." आयुष्यात पहिल्यांदा ती साहेबांवर ओरडली होती.

आकडा मुंगीच्या पावलाने चढत राहिला. शहाऐंशीवर थांबला. एक मिनिट. तीन मिनिटं. मीच पाठवलं त्यांना, मीच, असं ती पुटपुटत होती. मग सत्त्याऐंशी. चार चोवीसला शंभर झाले.

तरी फोन येईना. पाच वाजता आला.

"अगं, हात सोलून निघाले..."

"अर्धा तास फोन नाही? मेले होते मी इथे!" ती साहेबांच्या देखत हमसून रडली. "मरायलाच पाठवलं होतं मी तुम्हाला."

"दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर गेलोच नसतो," सादाओ म्हणाला. "तू सांगितलंस, म्हणून गेलो."