मशीनखालची गोधडी

वंदनाच्या भूकंप टिपणाऱ्या मशीनखाली मी गोधडी घातली होती. हसा, हसा. आता मीही हसते. तेव्हा मात्र सगळ्या गावानं माझ्याकडे शिकवणीला यावं, इतकी मी स्वतःला शहाणी समजत होते.

वंदना मुकुटबनची पोरगी, शिकून भूकंपाच्या शास्त्रात गेलेली. पांढरकवड्याच्या अलीकडे आमच्या वावरात काळा कातळ उघडा पडला आहे. त्यात खड्डा खोदून, झाकण बसवून तिनं मशीन ठेवलं आणि अधूनमधून आमच्याकडे मुक्कामाला येऊ लागली. तिला एक खोड होती. दिसेल ती वस्तू बोटानं वाजवून बघायची. माठ, टरबूज, कवाडाची फळी. आमच्या यजमानांचं टक्कल तेवढं सुटलं. "न फोडता आतलं कळलं पाहिजे, काकू," असं वर म्हणायची.

एकदा मी विचारलंच, "आमच्या वावराच्या आत काय पाहून राह्यली वं तू?"

"हा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. ज्या आगीतून तो वर आला, ती आता दूर समुद्रातल्या एका बेटाखाली आहे, असं आम्ही मानतो. आपली जमीन सरकत इकडं आली, चूल तिकडंच राह्यली. कुठं मोठा भूकंप झाला की त्याच्या लाटा पृथ्वीच्या पोटातून जातात. तापल्या जागी रेंगाळतात, थंड जागी पळतात. बेटावर माझी मैत्रीण असंच मशीन घेऊन बसली आहे. लाट तिच्याकडं किती रेंगाळली अन् माझ्याकडं किती, हे ताडून पाहिलं की त्या बेटाखालची आग किती खोल आहे ते समजते."

बेटावरचं मशीन संक्रांतीनंतर तिथून काढून नेणार होते. त्याआधी एक तरी मोठा भूकंप दोन्हीकडे टिपला गेला पाहिजे, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात. भूकंपाची वाट पाहणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली. मी डोळे वटारले की घाईनं म्हणायची, "तसं नाही काकू, भर समुद्रात व्हावा. जिथं माणूसच नाही तिथं."

पौषात ती नागपूरला गेली आणि खड्ड्याची किल्ली माझ्याकडे आली. थंडी अशी की कातळावर पाय ठरेना. एका सकाळी मी झाकण उघडलं, मशीन उचललं, खाली जुन्या लुगड्यांची गोधडी चौपदरी घातली आणि बाळाला निजवावं तसं ते वर ठेवलं.

दुपारी तिचा फोन. "काकू, आज पहाटे झाला! भर समुद्रात, कोणाले खरचटलंही नाही. मशीन बरं आहे ना?"

"मजेत आहे. गोधडीवर बसवलं मी त्याले."

"गोधडीवर?"

"मंग? थंड दगडावर कसं बसल बापडं?"

"अवं काकू, ते दगडावरच बसते! दगड हालला की त्याले कळते. मऊ अंथरुणावर काय कळन?"

माझं शहाणपण पायाशी गळून पडलं. संध्याकाळच्या एसटीनं ती आली ती पाणीही न घेता थेट वावरात. लॅपटॉप जोडला. मी पदराचं टोक तोंडात धरून बाजूला उभी.

"गोधडी कवा घातली?"

"दूध काढल्यावर."

"अन् दूध कवा काढलं?"

"रोज तं पहाटेच काढतो. आज म्हशीनं पान्हा चोरला. ऊन वर आलं तरी तिच्यापुढं बसून होती मी."

ती लॅपटॉपवर वाकली. पडद्यावरची रेघ मागे नेत राहिली, थांबली, पुन्हा मागे नेली. मग लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पहाटेच्या वेळी एकामागून एक लाटा, आधी बारीक, मग उंच, मग हळूहळू विझत गेलेल्या. त्यानंतर बराच वेळ सरळ रेघ. आणि पुढे एक काळीकुट्ट गिचमीड.

"हा भूकंप, सुरुवातीपासून शेवटापर्यंत," ती म्हणाली. "अन् ही गिचमीड म्हणजे तुम्ही."

हसू आलं की रडू, मलाच कळेना. "म्हणजे वाचलं का वं पोरी?"

"वाचलं. आज म्हशीले सरकीची ढेप जास्त घाला, काकू. तिनं वेळेवर दूध सोडलं असतं तं माझं सारं काम तुमच्या मायेखाली दबून गेलं असतं."